मदत हवी आहे: गिटारवरून ल्यूटकडे, उन्हाळी सेमिनारची तयारी

नमस्कार मंडळी. मी क्लासिकल गिटार वाजवते. येत्या उन्हाळ्यात ल्यूट सोसायटी ऑफ अमेरिकाच्या सेमिनारला जायचं ठरवलंय. ल्यूट म्हणजे युरोपातलं गिटारसारखं जुनं तंतुवाद्य. ल्यूटसाठी लिहिणारा इंग्रज संगीतकार जॉन डाउलंड (१५६३–१६२६) गिटारवर पुष्कळ वाजवला, आता तो त्याच्याच वाद्यावर शिकायचा आहे.

सध्या गिटारची तिसरी तार फा-शार्पला उतरवून आणि तिसऱ्या पडद्यावर कापो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून सराव करते. त्याने रेनेसान्स ल्यूटचं ट्यूनिंग मिळतं. फ्रेंच टॅब्लेचर (कुठली तार, कुठला पडदा ते दाखवणारी स्वरलिपी) जमायला लागलंय, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा. इटालियन मात्र फार छळतं: अक्षरांऐवजी आकडे, आणि सगळ्यात खालची रेघ म्हणजे सगळ्यात उंच सुराची तार! फ्रांचेस्को दा मिलानो या इटालियन ल्यूटवादकाच्या रचनांसाठी ते शिकायलाच हवं.

खरी अडचण उजव्या हाताची. करंगळी वाद्याच्या पुढच्या लाकडी फळीवर टेकवून अंगठा बोटांच्या आतून न्यायचा, तोही नखांशिवाय. नखं आत्ताच कापू का? मग गिटारचं काय? दोन्ही वाद्यं सांभाळणारं कुणी आहे का इथे? आणि शिकाऊ माणसाने भाड्याने ल्यूट घ्यावा तर सहा जोडतारांचा की आठ? अनुभव असेल तर जरूर सविस्तर लिहा.