प्रतिसाद: संमती एकदाच घेऊन भागत नाही

संस्थांनी आपले संदेश पोचवताना मुलांना कसं सहभागी करून घ्यावं, या वरच्या चर्चेत मुलांच्या तोंडून सांगितलं की संदेश लवकर पोचतो, असं आलंय आणि ते खरंच आहे. पण तोंड मुलांचं आणि शब्द संस्थेच्या कार्यालयाचे, याला सहभाग म्हणायला माझी तयारी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं १२वं कलम मुलांच्या मताला वय आणि समज पाहून वजन द्यायला सांगतं. युनिसेफचं यू-रिपोर्ट (मोबाइलवर प्रश्न विचारून तरुणांची मतं घेणारी सेवा) २०११ मध्ये युगांडात सुरू झालं तेही साध्या मोफत एसएमएसवर, म्हणजे ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्यालाही उत्तर देता येतं.

चर्चेत संमतीचा मुद्दा मात्र कुणी काढलेला नाही. मुलांचे अनुभव त्यांच्याच शब्दांत छापण्याच्या कामात मी काही वर्षं होते. एका मुलीने घर सोडावं लागल्याचा अनुभव फार सुंदर लिहून दिला होता. तिची आणि आईची लेखी संमतीही होती. दोन महिन्यांनी तिचा निरोप आला: नव्या शाळेत हे कुणाला कळायला नको. वेबसाइटवरून मजकूर त्याच दिवशी काढला, पण छापील अहवाल वाटून झाले होते. ते परत कसे आणणार? मला ते आजही लागतं. त्यानंतर आम्ही नाव बदलायला लागलो, गावाचा उल्लेख गाळायला लागलो आणि छपाईला जाण्याआधी तयार पान त्या मुलाला दाखवून पुन्हा विचारायला लागलो. कितीतरी जणांनी तेव्हा एखादं वाक्य काढायला सांगितलं, आणि बहुतेक वेळा ते आमचं सगळ्यात आवडतं वाक्य असायचं.