अनुभव धागा: तुमच्या मुलांच्या अंगावर एक्झिमा नेमका कसा दिसला?

नमस्कार मंडळी. मी नागपूरच्या मानेवाड्याची, मुलगी सहा वर्षांची. तिला अ‍ॅटोपिक एक्झिमा (कातडी कोरडी, खरखरीत होऊन खाजत राहायचा आजार) आहे हे कळायला आम्हाला जवळपास दोन वर्षं लागली, कारण मी लाल चट्टे शोधून राहिली होती. नेटवरचे फोटो बहुतेक गोऱ्या मुलांचे, लालभडक. माझी मुलगी सावळी. तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला लाल काहीच नव्हतं, होती ती करडी-जांभळट, मळ बसल्यासारखी कातडी. आणि मी खरंच मळ समजून घासली हो, रोज आंघोळीत, घासणीने. पोरगी रडायची आणि मी म्हणायची थांब थोडं निघतंय. ते आठवलं की अजून जीव कसातरी होतो.

डोळ्याला दिसलं नाही ते शेवटी हाताला कळलं. दंडावरून हात फिरवला की गुळगुळीत आणि खोबणीजवळ आलं की बारीक रव्यावरून फिरवल्यासारखं. गुडघ्याच्या मागेही तसंच. डॉक्टर म्हणाले सावळ्या कातडीत लाली झाकली जाते, जांभळट, राखाडी नाही तर नुसती जास्त काळी दिसते, आणि त्यामुळे आजार आहे त्यापेक्षा कमी वाटतो.

म्हणून हा धागा. उपायांचं नंतर बोलू, आधी दिसलं कसं ते लिहा. वय, जागा, रंग, हाताला कसं लागलं, आणि तुम्ही आधी काय समजलात.

धरमपेठची आई
माझ्या मुलाला चौथ्या महिन्यात सुरू झालं. दोन्ही गाल, कपाळ, मग डोकं. आमच्याकडे ओलं होतं, म्हणजे गाल पाझरायचे, सकाळी पिवळसर खपली आणि उशीच्या कपड्याला डाग. सगळे म्हणत थंडीनं गाल फुटले, सासूबाई मायेनंच साय आणि मसूर डाळीचं उटणं लावत होत्या, त्यानं अजून चिडलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो मला फार विचित्र वाटला, लंगोटाच्या जागेवर आहे का? तिथली कातडी अगदी स्वच्छ होती! तिथे ओलावा टिकतो म्हणून लहान बाळांत ती जागा बहुतेक वाचते. मग त्यांनी ह्यांचे तळहात पाहिले, रेषा खूप आणि खोल, ह्यांना लहानपणी दमा होता. कातडीचा थर घट्ट ठेवणारं फिलॅग्रिन नावाचं प्रोटीन काही घरांत जन्मतः कमी पडतं, 2006 मध्ये त्याच्या जीनचा एक्झिमाशी संबंध सापडला, असं त्यांनी सांगितलं. रांगायला लागल्यावर गुडघ्यांच्या पुढच्या बाजूला आणि मनगटावर आलं, गाल साफ झाले. आता अडीच वर्षांचा आहे तर मानेवाड्याच्या ताई म्हणतात तशाच खोबणीत. एकच आजार, पण वयासोबत जागा बदलून राहिला.

इतवारीचा बाबा
आमचं उलटं, काळं नाही तर पांढरं. मुलगा आठ वर्षांचा, गालावर फिकट चट्टे. घरात कोड शब्द कोणी तोंडातून काढला नाही पण सगळ्यांच्या मनात तोच होता, माझी आई दोन रात्री झोपली नाही. कोणी कॅल्शियम कमी आहे म्हणाले, कोणी जंत, जंताचं औषध देऊनही झालं. कातडीच्या डॉक्टरांनी दाखवलं की कोडात चट्टा दुधासारखा पांढरा आणि कड स्पष्ट असते, ह्याच्या कडा विरघळलेल्या आणि वर बारीक कोंडा. पिटिरियासिस अल्बा म्हणतात, एक्झिमाच्याच घरातलं. मे महिन्यात बाकीचा चेहरा रापतो म्हणून जास्त उठून दिसतं. रंग भरायला काही महिने लागले, पण भरला.

सक्करदऱ्याहून
आमच्या लेकीच्या पोटरीवर रुपयाएवढा गोल चट्टा होता. गोल म्हणजे नायटाच, असं आम्हीच ठरवलं आणि घराजवळच्या दुकानातून बिनचिठ्ठीची मलम आणली. चार दिवसांत गायब, मग परत, मग डबल. असं सहा महिने चाललं. त्यात जोरदार स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं, तिथली चामडी इतकी पातळ झाली की नसा दिसून राहिल्या होत्या. नायट्याची कड उठलेली असते आणि मधला भाग बहुतेक साफ होत जातो, हिचा चट्टा मध्येही तेवढाच खरखरीत होता. खरवडून तपासलं तर फंगस निघालंच नाही. आता डॉक्टरनी दिलेलं हलकं स्टेरॉइड सांगितले तेवढेच दिवस लावतो, त्याची भीती गेली. भीती न विचारता लावण्याची पाहिजे.

सतरा वर्षांची, बारावी
मी स्वतःच लिहिते कारण आईला सगळं दिसत नाही. आमच्या वयात हे पापण्यांवर, मानेवर आणि हातांवर येतं. माझ्या पापण्या जाड, सुरकुतलेल्या, डोळ्याखाली एक जास्तीची घडी, भुवयांची बाहेरची टोकं चोळून चोळून विरळ झाली. मान तर काळी पडली आहे, कातडी चामड्यासारखी जाड आणि रेषा खोल. लग्नात एका काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं की मान नीट धूत जा. मी धुते हो. उन्हाळ्यात गाडीवर स्टोल बांधल्याशिवाय निघता येत नाही, 45 डिग्रीत त्या सिंथेटिक कापडाखाली घाम साचतो आणि क्लासला पोचेपर्यंत मान पेटलेली असते. आता सुती ओढणी बांधते, थोडा फरक आहे. रात्री झोपेत खाजवते ते मला कळत नाही, सकाळी नखात रक्त दिसतं तेव्हा कळतं.

मानेवाड्याची आई
बेटा, तू लिहिलंस ते फार बरं केलंस. मी पण एकदा एका मुलीच्या मानेकडे पाहून तसंच मनात म्हटलं होतं, आज लाज वाटते.

वॉर्डात काम करणारी सिस्टर
एक गोष्ट कृपया सगळ्यांनी वाचा. जुन्या चट्ट्यावर अचानक मधासारखी पिवळी खपली, पू, किंवा कातडी गरम लागणं म्हणजे इन्फेक्शन, दाखवा. पण एकसारखे बारीक फोड, फुटल्यावर पंचने पाडल्यासारखी गोल छिद्रं, दुखणं आणि ताप असं दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात न्या. ते हर्पीसच्या व्हायरसचं असू शकतं, डोळ्याजवळ असेल तर अजिबात थांबू नका.

प्रतापनगर, दोन मुलांची आई
संत्र्याच्या दिवसांत माझ्या धाकट्याच्या तोंडाभोवती काळपट रिंगण येतं, ओठ चाटायची सवय आणि वरून रस. संत्री बंद नाही केली, खाण्याआधी तोंडाभोवती व्हॅसलीन लावते आणि नंतर पाण्याने पुसते. डिसेंबर-जानेवारीची कोरडी थंडी त्याला सगळ्यात वाईट. मोठ्याला काहीच नाही, पण पोटावर आणि पाठीवर कायम काटा आल्यासारखे दाणे असतात, थंडी नसली तरी. ती त्याची कातडीच तशी, असं समजून चाललो आहोत. तो खाजवतो थोडा.

मानेवाड्याची आई
ताई, सावळ्या मुलांत एक्झिमा तसाही दिसतो, केसांच्या मुळाशी बारीक दाणे. खिडकीजवळ तिरप्या उजेडात पहा आणि हात फिरवून पहा, कोरडं लागतं का.

प्रतापनगर, दोन मुलांची आई
काल तो झोपल्यावर पाहिलं. पूर्ण पाठ रवाळ आहे, आणि कमरेवर ओरखडे, काही जुने, काही ताजे. नऊ वर्षांचा आहे तो. सोमवारचा नंबर लावला.