अनुभव धागा: जेल पॉलिश पक्के होत नाही तेव्हा

जेल पॉलिश घरी लावणाऱ्या स्त्रियांची संख्या गेल्या काही वर्षांत खूप वाढली आहे आणि त्याबरोबर एक तक्रारही सतत कानावर येते: सांगितलेला वेळ हात दिव्याखाली ठेवला, तरी रंग चिकट राहतो, त्याला सुरकुत्या पडतात किंवा दोन दिवसांत अख्खा पापुद्रा निघून येतो. साधे नेलपॉलिश द्रावक उडून गेल्यामुळे वाळते. जेलचे तसे नसते. त्यातील रेणू विशिष्ट तरंगलांबीच्या प्रकाशात एकमेकांना जोडले जातात, म्हणून पंख्याखाली हात धरून किंवा थंड पाण्यात बोटे बुडवून काही साधत नाही. तुमच्याकडे नेमके काय बिघडले होते आणि ते कसे सापडले, हे सविस्तर लिहावे. केवळ ‘चांगल्या कंपनीचे घ्या’ एवढ्याने कोणाची अडचण सुटत नाही.

कोल्हापूर, पार्लर चालवते

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारींत जेल पूर्ण पक्के झालेले असते. वरचा चिकट थर हा हवेतील ऑक्सिजनमुळे राहतो. अगदी पृष्ठभागावरची रेणूंची साखळी तो पूर्ण होऊ देत नाही. धागे न सुटणाऱ्या वाइपवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन एकदा पुसले की खाली काचेसारखा कडक थर लागतो. मात्र हे पुसणे शेवटच्या टॉप कोटनंतरच करावे, कारण मधल्या कोटांवरचा चिकटपणा पुढचा कोट धरून ठेवायला उपयोगी पडतो. पुसताना वाइपवर रंग उतरला किंवा नखाने दाबल्यावर खळगा पडला, तर मात्र आतले जेल कच्चे आहे, असे समजावे.

आमचा जुना दिवा 9 वॉटच्या चार नळ्यांचा, म्हणजे एकूण 36 वॉटचा होता. नळ्या निळ्या दिसत होत्या, त्यामुळे त्यांच्यावर कोणाचा संशय गेला नाही. डोळ्यांना दिसणारा निळा उजेड टिकून राहतो, पण ज्या अतिनील किरणांनी काम व्हायचे ते वापराबरोबर क्षीण होत जातात. नळ्या बदलल्या त्या दिवसापासून तक्रार थांबली.

ठाणे, घरीच लावते

माझा दिवा लहान, घडी घालता येणारा आणि यूएसबीवर चालणारा आहे. तो लॅपटॉपला जोडला की फिकट गुलाबीसुद्धा नीट पक्का होत नसे, आणि मोबाइलच्या चार्जरला जोडला की होत असे. घरातल्या इंजिनिअरने हिशेब मांडून दाखवला: लॅपटॉपच्या जुन्या पद्धतीच्या यूएसबी पोर्टमधून 5 व्होल्टवर 0.5 अँपिअर, म्हणजे जेमतेम 2.5 वॉट मिळतात, आणि दिव्यावर 6 वॉट लिहिलेले. दिवा लागत होता, वेळ संपल्यावर बंदही होत होता, त्यामुळे दोष तिथे असेल असे वाटलेच नव्हते.

पुणे, रसायनशास्त्र शिकवतो. पत्नी नखांचे काम करते

प्रकाश शोषून साखळी सुरू करणारे घटक प्रत्येक जेलमध्ये सारखे नसतात. नळ्यांचे दिवे साधारण 365 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देतात; बहुतेक एलईडी दिवे 405 च्या जवळ, आणि काही दोन्ही. जेल एकासाठी बनवलेले आणि दिवा दुसऱ्याचा असेल, तर वेळ कितीही वाढवला तरी आतला भाग कच्चा राहू शकतो. त्यामुळे खोक्यावर छापलेले वॉट पाहून दिवा निवडणे मला पटत नाही. जेल बनवणाऱ्याने कोणता दिवा सांगितला आहे, ते आधी पाहावे.

काळा, गडद निळा आणि दाट पांढरा हे रंग विशेष त्रास देतात, कारण त्यांतील रंगद्रव्य प्रकाश खालपर्यंत पोहोचू देत नाही. जाड कोट दिला की वरची साय आधी पक्की होऊन आकसते, खालचे जेल पातळच राहते आणि पृष्ठभागावर सुरकुत्या उमटतात. अशा वेळी पुन्हा दिव्याखाली हात ठेवण्यापेक्षा तो कोट काढून दोन-तीन अगदी पातळ कोट देणे हाच उपाय.

आम्ही घरी एक चाचणी करतो. अॅल्युमिनियम फॉइलच्या पट्टीवर त्याच काळ्या जेलचे पातळ ठिपके देऊन ती दिव्याच्या तळाशी आडवी ठेवतो आणि ठरलेल्या वेळेनंतर प्रत्येक ठिपका काडीने खरवडून पाहतो. आमच्या दिव्यात मधले ठिपके टणक निघाले आणि दाराजवळचे, कडेचे ठिपके काडीबरोबर ओघळले. अंगठा नेमका तिथेच, तोही तिरपा पडतो. तेव्हापासून दोन्ही अंगठे चार बोटांनंतर वेगळे, सपाट ठेवून पक्के केले जातात.

आम्सटरडॅम, मूळची नाशिकची

युरोपीय संघात 1 सप्टेंबर 2025 पासून टीपीओ हा प्रकाशाने क्रिया सुरू करणारा घटक सौंदर्यप्रसाधनांत वापरण्यास बंदी आहे. माझ्या नेहमीच्या रंगाच्या नव्या बाटलीवर पूर्वीच्या 30 सेकंदांऐवजी 60 सेकंद छापलेले आले. जुन्या सवयीने कमी वेळ देणाऱ्या मैत्रिणींना पापुद्रे निघण्याचा त्रास झाला. बाटली नवी असेल, तर तिच्यावरची सूचना पुन्हा वाचावी.

लंडन, माहेर साताऱ्याचे

वरील सर्वांनी तंत्र उत्तम सांगितले आहे. मला त्वचेविषयी लिहायचे आहे, आणि ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कच्चे जेल केवळ दिसायला वाईट नसते. त्यातील ‘हेमा’ (HEMA) या रसायनासारखी मेथाक्रिलेट कुळातील रसायने कातडीला वारंवार लागली तर कायमची अॅलर्जी जडू शकते. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 साली याबद्दल जाहीर इशारा दिला होता. माझ्या नखांभोवती आधी खाज आली, मग बारीक फोड उठले आणि टोकाची कातडी सुटू लागली. पॅच टेस्टनंतर (संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून अॅलर्जी तपासण्याच्या चाचणीनंतर) डॉक्टरांनी सांगितले की, दातांच्या काही फिलिंगमध्ये आणि हाडांच्या शस्त्रक्रियेतील सिमेंटमध्येही याच कुळातील रसायने असतात, म्हणून यापुढे प्रत्येक दंतवैद्याला ही अॅलर्जी आधी सांगावी लागेल.

म्हणून कृपया एवढे करा: जेल कातडीवर गेले तर दिव्याखाली हात घालण्याआधीच ते काडीने पूर्ण काढा, वरचा चिकट थर उघड्या बोटाने चाचपून पाहू नका, आणि कच्च्या राहिलेल्या जेलला फाईल लावू नका, कारण ती धूळ बोटांवर आणि पापण्यांवर बसते. खाज सुरू झाली असेल तर दुसरा ब्रँड आजमावत न बसता जेल लावणे थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडे जा, आणि जाताना वापरातली बाटली सोबत न्या.