मॉडिफाय केलेली गाडी विकायचीय, किंमत नेमकी किती लावू?

गिअरवेडा:
मंडळी, माझी टर्बो पेट्रोल हॅचबॅक विकायला काढलीय. सर्व्हिस वेळेवर, कुठे ठोकलेली नाही. पण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशी, नाहीये. कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारं सस्पेन्शन), १७ इंची अलॉय चाकं, ईसीयू रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग, म्हणजे मॅप, बदलून ताकद वाढवणं), डाउनपाइपपासून (टर्बोला लागून असलेला एक्झॉस्टचा पहिला पाइप) मागचं अख्खं एक्झॉस्ट, बकेट सीट, स्टेअरिंग, सगळं बदललंय. आता हिशोब असा, की अशीच स्टॉक गाडी समजा १०० ला जाते (आकडा नुसता समजण्यापुरता), मॉडवर माझे ४० गेलेत, म्हणून मी थोडं सोडून १३० लावले. तर फोन करणारे डायरेक्ट ८० पासून सुरू करतात. पोरं येतात, रेव्ह मारून आवाज ऐकतात, व्हिडिओ काढतात आणि गायब. माझं गणित चुकतंय का लोकच फुकटे झालेत?

स्टॉकच_बरी:
भाऊ १३० विसर. ज्याच्या खिशात १३० आहेत तो तुझ्यापेक्षा नवी, कमी चाललेली स्टॉक गाडी घेईल आणि वर त्याला हवे ते मॉड स्वतःच्या आवडीने करेल. तू ४० घालवलेस ते तुझ्या मजेसाठी, ती मजा तू घेतलीस, आता ती दुसऱ्याने परत विकत का घ्यायची? आणि साध्या घरगुती गिऱ्हाइकाला रिमॅप म्हटलं की एकच दिसतं, गाडी रेमटवलेली आहे, क्लच आणि टर्बो कधीही हात वर करतील. ८० वाले त्या भीतीचेच पैसे कापतायत.
अजून एक, जाहिरातीतले आकडे बघून भाव ठरवू नको, ते विकणाऱ्याने मागितलेले आकडे असतात, गाडी खरी कितीला गेली ते नाही. तशाच चार गाड्या सेव्ह करून ठेव आणि बघ कुठल्या पटकन निघून जातात आणि कुठल्या महिनोन्महिने तिथेच भाव उतरवत बसतात.

नटबोल्ट:
वरच्याचं बरोबर आहे, पण मॉडचे पैसे सगळेच बुडत नाहीत. गाडीला लावून विकलेस तर जवळजवळ बुडाले, सुटे काढून विकलेस तर बऱ्यापैकी परत येतात. अलॉय, कॉइलओव्हर, बकेट सीट, हे घेणारे लोक वेगळेच असतात आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं. अलॉय टाकताना पीसीडी, ऑफसेट आणि सेंटर बोअर ही चाकाच्या फिटिंगची मापं लिही, नाहीतर दिवसभर "माझ्या गाडीला बसेल का" याचीच उत्तरं देत बसशील.
पण मुद्दा हा की ओरिजिनल पार्ट ठेवलेत का? खास करून डाउनपाइप. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, थोडक्यात कॅट) असतो, आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम, म्हणून तो नवा घ्यायला गेलास तर घाम फुटतो. कॅट नसेल तर एमिशन टेस्टला गाडी अडकेल आणि घेणारा तेवढे पैसे आधीच वळते करणार. आणि परत स्टॉक करशील तेव्हा पाइप आणि मॅप दोन्ही एकदमच बदल, मोकळ्या पाइपसाठी लिहिलेला मॅप स्टॉक पाइपवर चालवायचा नसतो.

लाल_माती:
सगळ्या गाड्यांना हे लागू नाही हां. फोर बाय फोरला चांगली लिफ्ट (गाडी उंच करणारं किट), विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र), अंडरबॉडी प्लेट असेल तर ऑफरोडवाला थोडे जास्त देतो, कारण त्याला ते लावायचंच असतं. पण बिलं दाखवायला लागतात आणि काम कुठे केलं तेही. वायरिंगला काळी टेप गुंडाळलेली दिसली की मी स्वतः तिथून निघतो.
मी माझी विकली तेव्हा २४५/७० आर१६ च्या जागी २६५/७५ आर१६ टायर होते. चाकाचा घेर साधारण ७ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे ओडोमीटर तेवढं कमी दाखवतं. ५०,००० दिसत असतील तर खरे ५३,५०० च्या आसपास धरायचे. मी हे आधीच सांगून टाकलं, घासाघीस तिथेच अर्धी संपली.

गिअरवेडा:
ओके, थोडं पचायला जड जातंय पण समजलं. सस्पेन्शन, सीट, चाकं, स्टेअरिंग सगळं ओरिजिनल माळ्यावर आहे, स्टॉक मॅपची फाइलपण आहे. डाउनपाइप मात्र तेव्हाच विकून टाकला. मग आता किती लावू? आणि स्टेअरिंग नवं छान आहे, तेवढं राहू दे का?

नटबोल्ट:
स्टेअरिंग आधी बदल!! ओरिजिनलमध्ये एअरबॅग आहे, तुझ्या आत्ताच्यात नाही. डॅशवर एअरबॅगचा दिवा पेटलेला असला, किंवा कुणी तो रेझिस्टर लावून विझवलेला सापडला, तर शहाणा माणूस पुढचं ऐकतच नाही. बॅटरी काढून, थोडा वेळ थांबून, जमत नसेल तर मेकॅनिककडून बसवून घे.
डाउनपाइप वापरलेला शोध, कॅटसकट. तो बसला आणि बाकी सगळं स्टॉक झालं तर १०२-१०३ लाव, ९७ ला सोड. पाइप नाही मिळाला तर त्याची किंमत वजा करून लाव आणि जाहिरातीत तसं स्पष्ट लिही. चाकं-सस्पेन्शनचे जे येतील ते वेगळे.

स्टॉकच_बरी:
आणि रिमॅप होता हे विचारलं तर लपवू नको. इन्शुरन्सवाल्यांना कळवला होतास ना?