इंजिन बाहेर आहे तोवरच मागचं सील बदला

जुन्या पिकअपमध्ये वापरलेलं इंजिन टाकताय आणि 'चालू होतं ना, मग आहे तसं बसवा' असा सल्ला तुम्हाला मिळालाय. मला तो अजिबात पटत नाही.

इंजिन बाहेर असताना फ्लायव्हील काढलं की क्रँकशाफ्टचं मागचं ऑइल सील समोरच असतं. नंतर तेच गळायला लागलं तर अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. मी हे भोगलंय. आठवड्याभरात बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लच झाकणाऱ्या आवरणाच्या) खालच्या कडेला काळा थेंब लोंबकळताना दिसला, आणि नवीकोरी क्लच प्लेट तेलाने माखून वाया गेली. त्या सीलबरोबर पायलट बेअरिंग (क्रँकशाफ्टच्या टोकात बसणारं, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं छोटं बेअरिंग) आणि मागचे कोअर प्लगही (इंजिन ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांवरची पत्र्याची बुचं) बघून घ्या, गंजलेला प्लग नखानेसुद्धा कळतो. वॉटर पंप, थर्मोस्टॅट नवेच टाका.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासलंत का? नुसता आकडा बघू नका, सिलिंडरांमधली तफावत बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल तर त्यात थोडं तेल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजल्यात, नाही वाढला तर बहुतेक व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

आणि कृपा करून जुनं इंजिन लगेच भंगारात देऊ नका! माउंटचे ब्रॅकेट, सेन्सर, मॅनिफोल्ड मॉडेलच्या वर्षागणिक वेगळे असतात. तुमच्या वायरिंगचे कनेक्टर जुन्याच सेन्सरांना बसतील, अशी शक्यता बरीच असते. पेट्रोल इंजिन असेल तर पहिल्यांदा स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवा, ऑइल प्रेशर आलं की मगच चालू करा.