मदत हवी आहे : थाळीवर कथा सांगणारे कथेकरी

नमस्कार मंडळी,
आमच्या नाशिकच्या वार्षिक कथा महोत्सवासाठी कलाकार ठरवतोय. कीर्तनकार, भारुडवाले, गोंधळी सहज मिळतात. पिंगुळीची चित्रकथी मंडळीही कुडाळहून यायला तयार होतात. पण आपल्याच जिल्ह्यातले, सुरगाणा-पेठ पट्ट्यातले थाळीवर कथा सांगणारे कोकणा आदिवासी समाजातले कथेकरी मंचावर दिसत नाहीत, हे मला फार खटकतं.

ज्यांनी ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी चिकटवतात आणि तिच्यावरून बोटं वरून खाली ओढत राहतात. घुमणारा एकच सूर निघतो. त्यावर कणसरीची, म्हणजे धान्यदेवीची कथा रात्रभर चालते. मागे साथीदार ओळ उचलून धरतो.

कोणाच्या ओळखीत असे कथेकरी आहेत का? सुरगाणा, पेठ, कळवण भागातले शिक्षक किंवा आशाताई नक्की सांगू शकतील. कृपया आधी त्या कथेकऱ्यांना विचारा, मगच नंबर मला मेसेजमध्ये पाठवा.

आणखी दोन शंका. रात्रभराची कथा दीड तासात बसवा म्हणणं मला पटत नाही. एखादाच प्रसंग पूर्ण सांगायला लावावा का? काही कथा पूजेशिवाय सांगत नसतील तर तेही आधी कळायला हवं. शिवाय थाळीचा सूर बारीक असतो, त्यासाठी माइक कुठे ठेवायचा? साउंडवाल्यांनी सांगावं.

मानधन, गाडी, मुक्काम आमच्याकडे. साथीदारालाही वेगळं मानधन देऊ.