मदत हवी आहे: १९६७ ची पॉन्टियॅक जीटीओ, बॉडी चॅसीवरून उतरवू का?

नमस्कार मंडळी,

मी मिशिगनात नोव्हायला राहतो. गेल्या ऑक्टोबरात शेतावरच्या एका गोदामातून १९६७ ची जीटीओ घेतली. वीसेक वर्षं जागची हललेली नव्हती. दाराच्या खांबावरचा नंबर २४२ ने सुरू होतो, म्हणजे गाडी अस्सल जीटीओ आहे, पॉन्टियॅकच्याच साध्या टेंपेस्ट मॉडेलवर मागाहून बिल्ले लावलेले नाहीत. पुढे १७ म्हणजे हार्डटॉप कूपे (बाजूच्या काचांमध्ये खांब नसलेली), ७ हे साल आणि पी म्हणजे पॉन्टियॅक गावचा कारखाना. इथून अर्ध्या तासावर जन्मलेली गाडी माझ्या गॅरेजात उभी आहे याचं मला फार अप्रूप आहे.

इंजिन ४०० क्युबिक इंचांचं, चार बॅरलचा कार्ब्युरेटर, त्या काळी ३३५ हॉर्सपॉवर. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरात थोडं तेल सोडलं, दोन दिवस थांबलो आणि पान्याने क्रँक हाताने फिरवला. फिरला. त्यामुळे इंजिनाची सध्या काळजी नाही. काळजी पत्र्याची आहे.

मागच्या काचेच्या क्रोमपट्टीखाली पाणी साचून खालचे दोन्ही कोपरे सडलेत. मी विजेरी घेऊन डिकीत आडवा झालो आणि बायकोला काचेवर पाइपने पाणी सोडायला सांगितलं. मिनिटभरातच डाव्या कोपऱ्यातून धार लागली, थेट डिकीच्या तळावर. तिथे आधीच्या कुणीतरी जुन्या पत्र्यावर नवा पत्रा रिबेटने ठोकून वर डांबर फासलंय. मागच्या चाकांपाठी फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवलं, तर वीतभर जागेत ते चिकटतच नाही. आत नुसती लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे.

खरा घोर चॅसीचा, म्हणजे बॉडीखालच्या लोखंडी सांगाड्याचा. मागच्या आसावर चॅसी कमानीसारखी वर उचललेली असते, त्या वळणात माती आणि रस्त्यावरचं मीठ साठतं. हातोडीने ठोकत गेलो. पुढे सगळीकडे ठण्ण आवाज, डाव्या कमानीवर मात्र भद्द. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला. माझ्या वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात लेथचं दुकान होतं, लोखंडाचा आवाज ऐकायला त्यांनीच शिकवलं. तो भद्द आवाज ऐकून खरंच पोटात गोळा आला. ओळंबा सोडून जमिनीवर खुणा केल्या आणि कर्ण मोजले. फरक ३ मिलिमीटर, म्हणजे चॅसी वाकलेली नसावी.

आता प्रश्न. बॉडी पूर्ण उतरवून चॅसी दुरुस्त करू, की जागच्या जागी? उतरवायची तर गॅरेज अपुरं पडतं. शिवाय डिकीचा तळ इतका कमजोर असताना बॉडी उचलली तर ती पिळवटेल आणि दारं बसणार नाहीत, ही धास्ती आहे. आधी डिकी की आधी चॅसी? फॅब्रिकेशनमधल्या जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

आधी चॅसी. बॉडी तिच्यावर बसते, पायाच खचलेला असताना वरचं माप घेऊन उपयोग नाही. एवढ्यासाठी सगळी बॉडी उतरवायची गरज मला दिसत नाही. दारं लावलेली असतानाच दोन्ही बाजूंना बिजागरीच्या खांबापासून लॉकच्या खांबापर्यंत चौकोनी नळ्या वेल्ड करा, दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा. मग बॉडीचे बोल्ट सैल करून मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर दोन-तीन इंच उचला, म्हणजे कमानीच्या वरच्या अंगालाही वेल्डिंगचा टॉर्च पोचेल. बोल्टांवर आठवडाभर रोज गंज सोडवायचं तेल मारा. जोर केलात तर आतले नट सुटून गरगर फिरतात आणि मग वरून फरशी कापावी लागते. उचलताना स्टिअरिंगचा सांधा आणि हँडब्रेकची केबल ताणली जात नाही ना, ते बघत राहा.

आणि हो, पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीच आहे. ती उतरवल्याशिवाय त्या बाजूला ठिणगीसुद्धा पाडू नका. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट, आत वाफ असते.

धागाकर्ता

मनापासून आभार. टाकी अजून जागेवरच होती, हे लिहायलाही भीती वाटते. आज उतरवली. आतून दोनेक गॅलन तपकिरी पेट्रोल निघालं, वार्निशसारखा वास. टाकी अंगणात लांब नेऊन ठेवलीय. ती निघाल्यावर उजवी कमानही नीट दिसली. ठोकून पाहिली, ठण्ण वाजते. बोल्टांना तेल आजपासून सुरू. नळ्या शनिवारी सकाळी लावणार आहे. डेट्रॉइटच्या आसपास कुणी असेल आणि फटी मोजताना दुसरा हात द्यायला येऊ शकत असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चहा-पोहे माझ्याकडे.